संप नको, तर मग काय?

गिरणीत संप झाला की माग थांबतात, माल निघत नाही आणि मालकाचं उत्पन्न बुडू लागतं. कामगाराचाही पगार बुडत असतो, पण दोघांपैकी कोण जास्त दिवस कळ काढतो यावर निकाल लागतो. अग्निशामक दलाचा, रुग्णवाहिकेचा किंवा पोलिसांचा संप या हिशेबात बसत नाही. बंब केंद्राबाहेर पडला नाही म्हणून नगरपालिकेचा एक रुपयाही बुडत नाही. उलट संपाच्या दिवसांचा पगार कापला जातो, म्हणजे तिजोरीत थोडी भरच पडते. नुकसान होतं ते ज्याच्या घराला आग लागली त्याचं, आणि तो बिचारा या भांडणात पक्षकारही नसतो. मालकावर थेट दाब येत नाही. तो लोकांच्या भीतीतून आणि वर्तमानपत्रांच्या मथळ्यांतून वळसा घालून येतो. त्यामुळे आणीबाणीच्या सेवेतल्या माणसाने पगारासाठी संप करावा का, असं विचारलं की बहुतेकजण चटकन ‘नाही’ म्हणतात, आणि त्यांचं म्हणणं पोकळ नाही. माझंही पहिलं उत्तर ‘करू नये’ हेच आहे. पण ते अर्धं उत्तर आहे. एखाद्याच्या हातून संपाचं हत्यार काढून घेतलं तर त्याच्या जागी काय देणार, हे सांगितल्याशिवाय ते पुरं होत नाही. सरकारं पहिला अर्धा भाग खणखणीत आवाजात सांगतात. दुसऱ्याची वेळ आली की त्यांना समिती नेमायची असते.

पहिल्या अर्ध्या भागाचा सगळ्यात प्रसिद्ध दाखला अमेरिकेतल्या बॉस्टनचा आहे. ९ सप्टेंबर १९१९ रोजी तिथल्या १,५४४ पोलिसांपैकी १,११७ जणांनी काम थांबवलं. महायुद्धाच्या काळात भाव भडकले होते, पगार मात्र जागेवरच होता. ड्युटी आठवड्याला ७३ ते ९८ तासांची, गणवेश स्वतःच्या खिशातून शिवायचा, आणि ठाण्यांच्या इमारती घुशी-ढेकणांनी भरलेल्या. पोलिसांनी युनियन काढली, पोलीस आयुक्तांनी तिच्या पुढाऱ्यांना निलंबित केलं आणि संपाला तोंड फुटलं. त्या रात्री आणि दुसऱ्या दिवशी शहरात दुकानं फुटली, लूटमार झाली. राज्याचे गव्हर्नर कॅल्विन कूलिज यांनी स्टेट गार्डचे सैनिक उतरवले आणि एकूण नऊ माणसं मेली. सार्वजनिक सुरक्षिततेविरुद्ध संप करण्याचा हक्क कुणालाही, कुठेही, कधीही नाही, अशा अर्थाची कूलिज यांची तार देशभर गाजली. पुढच्याच वर्षी ते उपराष्ट्राध्यक्षपदी निवडून आले आणि १९२३मध्ये राष्ट्राध्यक्ष झाले. संप मोडण्यावर राजकारणात व्याज चांगलं मिळतं, हे तेव्हापासून सगळ्यांना ठाऊक आहे. संपकऱ्यांपैकी एकालाही परत घेतलं नाही. मात्र त्यांच्या जागी जी नवी भरती झाली तिला सुरुवातीलाच वर्षाला १,४०० डॉलर पगार, जास्त सुट्या आणि शहराच्या खर्चाने गणवेश मिळाला. म्हणजे जुन्यांनी जे मागितलं होतं जवळपास तेच. पैसे नव्हते असं नाही. मागणाऱ्याला ते न देण्याची प्रतिष्ठा पैशापेक्षा मोठी झाली होती. संपामुळे शहर होरपळलं हे खरं. पण संपाआधी त्या मागण्यांवर कुणी तटस्थपणे बसून निवाडा दिला असता तर तोच पैसा नऊ जीव न जाता खर्च झाला असता, हेही तितकंच खरं.

मुंबईने हा अनुभव त्रेसष्ट वर्षांनी घेतला. १९८२ साली शहरात गिरण्यांचा संप सुरू होताच. पोलिसांची तेव्हा मान्यताप्राप्त संघटना होती आणि पगार, राहण्याची जागा, ड्युटीचे तास यांवरून शिपाई-हवालदारांत असंतोष होता. वरळी आणि नायगावच्या बीडीडी चाळींत पोलिसांची कुटुंबं राहत होती. एका खोलीत संसार, मजल्यावर सामायिक नळ आणि संडास, आणि बारा-बारा तासांची ड्युटी करून आलेल्या माणसाला झोपायला जागा कुठली, हा रोजचा प्रश्न. शेजारपाजारी गिरणी कामगार, बहुतेकांची गावंही त्याच कोकणातली आणि घाटावरची. १५ ऑगस्टला पोलिसांनी काळ्या फिती लावल्या. बाबासाहेब भोसले यांच्या सरकारने १८ ऑगस्टला संघटनेची मान्यता काढून घेतली, पदाधिकाऱ्यांना अटक केली, आणि त्याच दिवशी पोलीस रस्त्यावर उतरले. लोकल थांबल्या, जाळपोळ आणि लुटालूट झाली, लष्कर बोलवावं लागलं. यात पोलिसांची चूक नव्हती असं मी म्हणणार नाही. ज्याच्या हातात दंडुका आणि बंदूक आहे त्याने कायदा गुंडाळून ठेवला तर त्याला अडवायला फक्त सैन्य उरतं, आणि पोलिसाला संपाचा हक्क नसावा याचं हे सगळ्यात भक्कम कारण आहे. पण त्या दिवसाचा क्रम पाहण्यासारखा आहे. बोलणी करण्याची जी एकमेव जागा होती, ती आधी सरकारने बंद केली. दंगल त्यानंतरची. संघटना गेली, प्रश्न मात्र तिथेच राहिले. आठ तासांच्या ड्युटीचा प्रयोग मुंबईत पहिल्यांदा झाला तो २०१६ साली, देवनार पोलीस ठाण्यात. मधल्या चौतीस वर्षांत शिपाई म्हणून भरती झालेला माणूस निवृत्तही होऊन गेला.

आता दुसरी बाजू. आणीबाणीच्या सेवेचा प्रत्येक संप बॉस्टनसारखा होत नाही, आणि याबाबत वैद्यकीय क्षेत्रातला पुरावा बुचकळ्यात टाकणारा आहे. १९७६ ते २००३ या काळात लॉस एंजेलिस, जेरुसलेम, स्पेन, क्रोएशिया अशा ठिकाणी झालेल्या डॉक्टरांच्या संपांचा आढावा २००८ साली प्रसिद्ध झाला. संपाच्या काळात मृत्यूचं प्रमाण वाढल्याचं त्यात कुठेच दिसलं नाही. काही ठिकाणी ते चक्क घटलं. यावर डॉक्टरांविषयी विनोद करण्याचा मोह होतो, पण कारण साधं आहे. आधी ठरवून करायच्या शस्त्रक्रिया पुढे ढकलल्या गेल्या, त्यांच्याबरोबर येणारा धोकाही पुढे गेला, आणि तातडीचे रुग्ण पाहायला वरिष्ठ डॉक्टर हजर होते. याच्या उलट, न्यूयॉर्क राज्यातल्या परिचारिकांच्या १९८४ ते २००४ या काळातल्या संपांचा अभ्यास जोनाथन ग्रुबर आणि सॅम्युएल क्लायनर यांनी केला, तेव्हा संपकाळात दाखल झालेल्या रुग्णांचे रुग्णालयातले मृत्यू सुमारे १८-१९ टक्क्यांनी जास्त आढळले. बदली परिचारिका आणूनही फरक पडला नव्हता. दोन्ही निष्कर्ष एकत्र ठेवले की एक गोष्ट उघड होते. सेवा जीवनावश्यक आहे की नाही एवढं विचारून भागत नाही, तिच्यातला कुठला भाग थांबवला हे विचारावं लागतं. डॉक्टरांच्या कामात आज-उद्या चालेल असा मोठा हिस्सा असतो. खाटेशेजारी चोवीस तास असणाऱ्या परिचारिकेच्या कामात तो जवळजवळ नसतो, आणि आग विझवण्याच्या कामात तर आगीला उद्या ये म्हणण्याची सोयच नाही. आपल्याकडचे निवासी डॉक्टर हे अनुभवाने शिकले आहेत. मार्ड या त्यांच्या संघटनेचा संप म्हणजे ओपीडी बंद, ठरलेली ऑपरेशनं बंद आणि कॅज्युअल्टी चालू, असा आता जणू संकेतच पडला आहे. म्हणून ‘संप नको’ हे माझं उत्तर सेवेच्या त्या गाभ्यापुरतं आहे. तपासणी, परवाने, कार्यालयीन अहवाल, मंत्र्यांच्या दौऱ्यातली हजेरी असल्या कामांवर बहिष्कार टाकला तर कुणाचा जीव जात नाही, आणि तो हक्क काढून घेण्याचं कारणही मला दिसत नाही.

गाभ्याचं काय, याचं उत्तर शोधायला ब्रिटनसारखी जागा नाही, कारण तिथे तीन सेवांवर वेगवेगळे प्रयोग झाले. १४ नोव्हेंबर १९७७ रोजी ब्रिटनच्या अग्निशामक जवानांनी इतिहासातला पहिला देशव्यापी संप पुकारला. मागणी ३० टक्के वाढीची होती आणि जेम्स कॅलाहन यांच्या मजूर पक्षाच्या सरकारने सगळ्यांसाठी दहा टक्क्यांची कमाल मर्यादा घातली होती. नऊ आठवडे सैनिक आगी विझवत होते. त्यासाठी गोदामातून बाहेर काढलेल्या हिरव्या बंबगाड्या अणुयुद्ध झालंच तर असाव्यात म्हणून पन्नासच्या दशकात बांधलेल्या. संथ, जड, वळणावर जपून घ्याव्या लागणाऱ्या. लोकांनी त्यांना ‘ग्रीन गॉडेस’ हे नाव दिलं होतं. संप जानेवारी १९७८मध्ये मिटला तेव्हा जवानांच्या हाती तत्काळ पडले ते दहाच टक्के. वरवर पाहता ते हरले. पण तडजोडीत एक सूत्र होतं, आणि खरी कमाई तीच होती. देशातल्या पुरुष श्रमिक कामगारांना कमाईच्या क्रमाने उभं केलं तर वरच्या चौथाईची सीमा जिथे येते, तिथे अग्निशामक जवानाचा पगार आणायचा आणि मग दरवर्षी त्या रेषेबरोबर तो आपोआप सरकवायचा. त्याच वर्षी पोलिसांसाठी लॉर्ड एडमंड-डेव्हिस यांच्या समितीचा अहवाल आला. ब्रिटिश पोलिसांना १९१९पासून संपाची बंदी होती आणि १९७७मध्ये ते तोच हक्क परत मागण्याच्या बेतात होते. समितीने ४० टक्क्यांहून जास्त वाढ दिली आणि पुढची वाढही निर्देशांकाला बांधली. संपाच्या हक्काची भाषा विरली.

रुग्णवाहिका कर्मचाऱ्यांना असं सूत्र मिळालं नाही. ते मागत राहिले आणि १९८९च्या सप्टेंबरात त्यांचं कामबंद सुरू झालं. ते पुढचे जवळपास सहा महिने चाललं, लष्कराच्या आणि पोलिसांच्या गाड्या रुग्ण वाहू लागल्या. त्यांची मुख्य तक्रार अशी की पोलीस आणि बंबवाले यांचा पगार ठरण्याला काही रीत आहे, आम्ही मात्र दरवर्षी घासाघीस करायची. शेवटी वाढ मिळाली, सूत्र मिळालं नाहीच. डिसेंबर २०२२मध्ये इंग्लंडच्या रुग्णवाहिका पुन्हा थांबल्या. या तीन सेवांची माणसं काही वेगळ्या मातीची नव्हती, बऱ्याचदा एकाच अपघाताच्या जागी तिघं खांद्याला खांदा लावून काम करत होती. फरक होता तो पगार कसा ठरणार याच्या व्यवस्थेत. अग्निशामक दलात १९७८नंतर देशव्यापी संप झाला तो थेट नोव्हेंबर २००२मध्ये. तोही का झाला हे सूत्राची बाजू घेणाऱ्याने सांगायलाच हवं. कारखानदारी आक्रसली, श्रमिक कामगारांची कमाई इतर नोकरदारांच्या मागे पडली, आणि त्यांच्या रेषेला बांधलेला बंबवालाही मागे पडला. दरम्यान त्याचं काम पाइप धरण्यापुरतं राहिलं नव्हतं. रसायनांची गळती, महामार्गावरचे अपघात, पूर हे सगळं त्यात आलं होतं. युनियनने वर्षाला ३०,००० पौंड मागितले, म्हणजे सुमारे ४० टक्के वाढ. जून २००३मध्ये तीन वर्षांत १६ टक्क्यांवर, आणि कामाच्या पद्धती बदलण्याच्या अटीवर, तडजोड झाली. चोवीस वर्षं शांतता देणारं सूत्रही जुनं होतं आणि ठराविक वर्षांनी ते उघडून पाहावं लागतं, एवढंच यातून निघतं. सूत्रच नको होतं, असं निघत नाही.

यावर कुणी म्हणेल, एवढा खटाटोप कशाला? कायद्याने बंदी घाला, मोडणाऱ्याला घरी पाठवा, प्रश्न मिटला. या मताची ताकद अशी की बंदी दिसायला फुकट असते. पण ती फुकट नसते. १९७१च्या जानेवारीत न्यूयॉर्कच्या हजारो पोलिसांनी, तिथे सरकारी नोकरांच्या संपाला कायद्याने बंदी असताना, पाच-सहा दिवस गस्तीला जायचं नाकारलं.  याहून बोलका पुरावा न्यू जर्सीचा आहे. तिथे पोलिसांना संप करता येत नाही, पण पगारावर एकमत झालं नाही तर प्रकरण लवादाकडे जातं. जुन्या पद्धतीत लवादाने मधला आकडा काढायचा नव्हता. पोलिसांचा शेवटचा आकडा किंवा नगरपालिकेचा शेवटचा आकडा, दोनपैकी एक निवडायचा. त्यामुळे दोघंही अवाजवी मागायला कचरायचे, कारण वेडावाकडा आकडा टाकला की समोरच्याचा लागणार. अर्थशास्त्रज्ञ अलेक्झांद्र मास यांनी २००६ साली या निवाड्यांनंतरच्या महिन्यांतले गुन्ह्यांचे आकडे तपासले. पोलिसांच्या बाजूने निवाडा गेला तिथे गुन्ह्यांची उकल सुमारे १२ टक्क्यांनी जास्त होती. त्यांच्या विरुद्ध गेला तिथे अटका घटल्या आणि नोंदलेले गुन्हे वाढले. कुणी संप केला नव्हता. हजेरीपटावर सह्या होत्या, गाड्या फिरत होत्या. कायदा माणसाला ड्युटीवर हजर करू शकतो. दाराआडचा आवाज ऐकून थांबण्याची, दुसऱ्यांदा चौकशीला जाण्याची जी मेहनत असते, ती हुकमाने निघत नाही. लवादावर नाराज झालेल्यांची ही कथा असेल, तर जिथे लवादच नाही तिथलं नुकसान कुणी मोजलंच नाही म्हणून ते नाही, असं समजण्यात अर्थ नाही.

‘नोकरी पत्करताना ठाऊक नव्हतं का?’ हा आक्षेप आपल्याकडे फार आवडीचा आहे. ठाऊक होतं, हे मान्य. धोका ठाऊक होता, रात्रपाळी ठाऊक होती, संप करता येणार नाही हेही ठाऊक होतं. पण पुढची पंचवीस-तीस वर्षं पगार महागाईच्या मागे रखडत राहील आणि त्यावर दाद मागायला जागा नसेल, ही अट कुठल्याही नेमणूकपत्रात लिहिलेली नसते. सैनिकाचं उदाहरण देऊनही हा आक्षेप मांडतात. पण सैनिकाला निवासाची, रेशनची, उपचारांची, निवृत्तीनंतरची जी तटबंदी आहे ती महापालिकेच्या बंबवाल्याला कुठे आहे? १४ एप्रिल १९४४ रोजी मुंबईच्या गोदीत ‘फोर्ट स्टिकिन’ जहाजाचा स्फोट झाला, त्यात ६६ अग्निशामक जवान गेले, आणि त्यांच्या स्मरणार्थ देशभर दरवर्षी अग्निशमन दिन पाळला जातो. त्या दिवशीच्या पाहुण्यांनी भाषणात त्यागाचा उल्लेख जितका केलेला असतो, त्याच्या निम्म्यानेही वेतनश्रेणीचा केलेला नसतो.

जास्त वजनदार आक्षेप लोकशाहीचा आहे. करदात्यांचा पैसा कसा खर्च करायचा हे निवडून आलेल्यांनी ठरवायचं. कुणी न निवडलेल्या लवादाने महापालिकेवर बोजा का टाकावा? अमेरिकेत मिशिगन राज्याने १९६९ साली पोलीस आणि अग्निशामक दलासाठी बंधनकारक लवाद आणला, तेव्हापासून तिथल्या नगरपालिका हीच तक्रार करत आल्या आहेत. तक्रार उडवून लावण्यासारखी नाही. तिचं उत्तर लवादाची चौकट नीट आखण्यात आहे. शहराची ऐपत, तशाच शहरांतले पगार आणि महागाई यांचा विचार लवादाने केलाच पाहिजे असं कायद्यात लिहिता येतं, आणि निवाडा फेटाळण्याचा अखेरचा अधिकार विधिमंडळाकडे ठेवता येतो, मात्र उघड मतदानाने आणि कारणं नोंदवून. आज जे होतं ते यापेक्षा लोकशाहीचं आहे असं नाही. आज फाइल सचिवालयात अडते आणि कुणाचं मत कुठे पडलं हे कळतच नाही. शिवाय नुसत्या आश्वासनांवर चालवलेली व्यवस्था माणसाला संप करायलाच शिकवते. फेब्रुवारी २०२४मध्ये महाराष्ट्रातल्या निवासी डॉक्टरांनी ७ तारखेचा संप आश्वासन मिळालं म्हणून थांबवला, ते लांबलं म्हणून २२ तारखेला केला, आणि मग चार दिवसांच्या आत मंत्रिमंडळाने विद्यावेतनात दहा हजार रुपयांची वाढ मंजूर केली. यातून पुढच्या तुकडीने काय धडा घ्यावा, हे सांगायला नको.

भारतातल्या कायद्याची गंमत अशी की तो बंदीच्या बाबतीत उदार आहे. संप हा मूलभूत हक्क नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने १९६२मध्येच सांगितलं; २००३ साली तामिळनाडूच्या कर्मचाऱ्यांच्या प्रकरणात सरकारी नोकरांना संपाचा नैतिक हक्कही नाही इथवर मजल गेली. अत्यावश्यक सेवांचे कायदे आहेतच, आणि ‘अत्यावश्यक’ म्हणजे काय हे सरकारच ठरवतं. आंतरराष्ट्रीय कामगार संघटनेची कसोटी कडक आहे: जी सेवा थांबली तर लोकांचा जीव, सुरक्षितता किंवा आरोग्य धोक्यात येईल तेवढीच अत्यावश्यक, आणि तिथे संपाला बंदी घालायची तर बदल्यात निःपक्षपाती, झटपट आणि दोन्ही बाजूंना बंधनकारक असा लवाद द्यायचा. आपण पहिली अट सैल केली आणि दुसरी विसरलो. मार्च २०१८मध्ये महाराष्ट्र सरकारने अंगणवाडी सेविकांना मेस्मा, म्हणजे राज्याचा अत्यावश्यक सेवा कायदा, लावला, विधिमंडळात गदारोळ झाल्यावर तो स्थगित केला. ज्यांना सरकार पगार देत नाही, मानधन देतं, म्हणजे कर्मचारी मानायलाच तयार नाही, त्या एका रात्रीत अत्यावश्यक ठरल्या होत्या. २०१४पासून सुरू झालेल्या १०८ रुग्णवाहिकांचीही गत अशीच. चालक आणि डॉक्टर ठेकेदाराच्या पगारावर, दर सरकारने ठरवलेला. पगार वाढवा म्हटलं की ठेकेदार सरकारकडे बोट दाखवणार, सरकार ठेकेदाराकडे. लवाद नेमायचा झाला तर त्याला पहिल्या तारखेलाच ठरवावं लागेल की मालक म्हणून उभं कोण राहणार, आणि तो निकाल ‘पैसा जो देतो तो’ असाच लागायला हवा.

सरकार आपले हात असे बांधून घेईल का, ही शंका शेवटी उरते. वेतन आयोग आहेत की, असंही म्हटलं जातं. पण आयोग दहा वर्षांनी येतो, शिफारस करतो, आणि राज्यापर्यंत पोचेतो आणखी वर्षं जातात. सातवा आयोग १ जानेवारी २०१६पासूनचा, महाराष्ट्रात प्रत्यक्ष पगारात तो आला जानेवारी २०१९मध्ये. हात बांधून घेण्याचा प्रयोग मात्र दिल्लीने फार पूर्वी केलेला आहे. १९६६ साली केंद्र सरकारने आपल्या कर्मचाऱ्यांसाठी संयुक्त सल्लागार यंत्रणा सुरू केली. पगार आणि भत्ते, आठवड्याचे तास आणि रजा या तीन विषयांवर एकमत झालं नाही तर प्रकरण सक्तीच्या लवादाकडे जातं, निवाडा दोन्ही बाजूंवर बंधनकारक असतो, आणि तो बदलण्याचा किंवा फेटाळण्याचा अधिकार फक्त संसदेला आहे. आग विझवणाऱ्याला, रुग्णवाहिका चालवणाऱ्याला जे द्यायला हवं ते जवळपास शब्दशः तिथे लिहिलेलं आहे. ही यंत्रणा केंद्राच्या कर्मचाऱ्यांपुरती आहे, त्यामुळे महापालिकेचा बंबवाला आणि १०८चा चालक तिच्या कक्षेत येतच नाहीत. पोलिसांना तर तिच्यातून नाव घेऊन वगळलं आहे. आणि त्यांच्या संघटना करण्याच्या हक्कावर मर्यादा घालणारा कायदा संसदेने केला तो त्याच वर्षी, १९६६मध्ये.